हवेची शेपटी

१० मार्च, सोमवार

आजही नाही. ग्राफ खाली येतो, येतो, आणि मग एका उंचीवर अडकून तिथेच वरखाली करत बसतो. फेऱ्या वाढवल्या. तरी तेच.

दुपारी भगवंतराव खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "काहून मॅडम, बसलं का गणित?"

"अजून नाही सर."

"लय हट्टी दिसून राहिलं," म्हणाले आणि गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

लिहिलं की मलाच नीट कळतं, म्हणून लिहिते. अकोल्याच्या एमआयडीसीत भगवंतरावांचं वर्कशॉप आहे. डाळ मिलची धूळ ओढणारे सायक्लोन बनवतात. सायक्लोन म्हणजे पत्र्याचं माणसापेक्षा उंच नरसाळं. मोठ्या पंख्याने ओढलेली धुळकट हवा बाजूने आत शिरते, गरगर फिरत खाली जाते, धूळ भिंतीला घासत घासत खालच्या डब्यात पडते आणि स्वच्छ हवा मधल्या पाइपातून वर निघून जाते. निघायला हवी. नत्थुजींच्या डाळ मिलमध्ये आमचंच मशीन आहे, पण तिथे ती तशी निघत नाही. पाइपातून पिवळट धूर निघतो. शेजारच्या वस्तीने तक्रार केली, प्रदूषण मंडळाची नोटीस आली. एप्रिलअखेर सुधारणा दिसली नाही तर मिलला कुलूप.

म्हणून मी. लग्नाआधी एम.टेक.ला हेच शिकले होते. त्या नरसाळ्याचे कॉम्प्युटरमध्ये लाखो बारीक कप्पे करायचे, प्रत्येक कप्प्यात हवा किती जोरात, कुठल्या दिशेने, ते काढायचं. शेजारच्या कप्प्याशी जमलं नाही तर पुन्हा काढायचं. असं फेऱ्याफेऱ्यांनी सगळ्यांचं एकमेकांशी जमलं की गणित कन्व्हर्ज झालं. न जमलेलं किती उरलं, ते ग्राफ सांगतो. तो शून्याकडे जायला हवा.

माझा अर्ध्या वाटेत नाचतोय.

१२ मार्च, बुधवार

हवा आत शिरते त्या कोपऱ्यातले कप्पे फार तिरपे, चपटे होते. सगळे मोडून नव्याने केले. दिवस गेला. ग्राफ थोडा खाली सरकला, मग परत नाच.

संध्याकाळी घरी परतताना रेल्वेतून बडनेऱ्याला उतरले तेव्हाही डोक्यात तेच. नवरा, स्वप्निल, स्टेशनबाहेर गाडी घेऊन उभा होता, मी त्याच्यासमोरून सरळ पुढे निघून गेले.

१५ मार्च, शनिवार

आज मिल पाहिली. आधीच जायला हवं होतं. इतके दिवस मी फक्त ड्रॉइंग पाहत होते.

छतावर नत्थुजी स्वतः घेऊन गेले. पत्र्यांवर धुळीचा थर, त्यावर कबुतरांच्या पावलांची नक्षी. पाइपाच्या तोंडाशी हात धरला, तर क्षणात हात पिवळा. नत्थुजी म्हणाले, "मले इंजिनेरिंग नको सांगू बाई. मले थे बंद करून दे. बाहेरून दुसरं मशीन आणाले महिना लागते, अन् माह्यापाशी महिना नाई."

छतावरची धूळ पत्र्यांच्या फटींतून खाली झिरपत होती, तिथेच चाळणीपाशी बायका होत्या. तोंडाला ओढणी, भुवया पिवळट पांढऱ्या. दुर्गाबाई नावाची एक तिथे सगळ्यात जुनी. मला पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "तुमीच का थ्या नोटीसवाल्या?"

"नाही हो. मी मशीन दुरुस्त करायला आले."

"मंग बरं." मग बराच वेळ खोकली. खोकला थांबल्यावर म्हणाली, "मिल चालू रायली तं हे. बंद झाली तं घरी चूल बंद. तुमीच सांगा आता आमी कोणाच्या बाजूनं बोलाव."

पाणी प्यायले.

१८ मार्च, मंगळवार

स्वप्निलला समजावून सांगत होते. तो वलगावच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीला गणित शिकवतो, त्याला ऐकायला आवडतं. पोळी हातात तशीच ठेवून म्हणाला, "म्हणजे उत्तर आहे, पण तुले सापडून नाही राहिलं. का उत्तरच नाही?"

चिडले. "उत्तर असतंच. हवा कुठूनतरी कुठेतरी जातेच ना."

"मी फक्त इचारलं," म्हणाला आणि वरण वाढून घेतलं.

१९ मार्च, बुधवार

मायाला फोन केला. एम.टेक.ची मैत्रीण, पुण्यात मोठ्या कंपनीत दिवसभर हेच काम करते. दहा वर्षं मी भाज्या निवडल्या, ती गणितं करत राहिली. नंबर दोनदा लावून दोनदा कापला, खोटं कशाला बोलू.

ती बिझी होती तरी नीट बोलली. "अगं, गणिताला बदल एकदम करू देऊ नकोस. प्रत्येक फेरीत थोडा थोडाच घे. आणि तरी नाही झालं तर सरळ फर्स्ट ऑर्डरवर टाक. होतंच."

फर्स्ट ऑर्डर म्हणजे ढोबळ पद्धत. कप्प्याकप्प्यातला बारीक फरक ती पुसून टाकते. गणित शांत होतं.

"पण मग उत्तर पुसट येईल ना?"

"रिपोर्टमध्ये कोण बघतं माधवी."

२१ मार्च, शुक्रवार

झालं!

थोडे थोडे बदल घेऊन काही उपयोग झाला नाही. ढोबळ पद्धतीवर टाकलं आणि ग्राफ घसरगुंडीसारखा खाली आला. सरळ, न डगमगता. मग चित्र काढलं: बाहेर निळी, आत लाल, मधोमध हवेचा ताठ खांब. इतकं देखणं! स्वप्निलला पाठवलं, मायाला पाठवलं. मायाचा अंगठा आला.

भगवंतराव तर खुर्ची ओढून बसलेच. "हे लालवालं काय? अन् धूळ कुठी जाते?" धुळीचे कण सोडून दाखवले. जवळजवळ सगळे खाली डब्यात. त्यांनी नितेशला हाक मारली, आमच्या वेल्डिंगचं सगळं काम तोच बघतो. तोही हात पुसत आला. "एक नंबर ताई."

गाडीत खिडकीशी बसले होते. मूर्तिजापूर गेल्यावर एकदम सुचलं. सगळी धूळ खाली पडते असं चित्र म्हणतं. मग माझा हात पिवळा कशाने झाला?

२२ मार्च, शनिवार

वाईट दिवस.

भगवंतरावांनी ते चित्र मोठं छापून आणायला सांगितलं होतं. नत्थुजींना दाखवू, सांगू की मशीन बरोबर आहे, तुमचा पंखाच कमी पडतो. मी म्हटलं, चित्र चूक आहे.

"काल तं म्हणे झालं."

"गणित जमलं सर. पण ते आपल्या मशीनचं नाही. मी हवेचे सगळे बारीक वळसे पुसले, म्हणून जमलं. या चित्राप्रमाणे नत्थुजींच्या छतावर धूळच नको."

"ग्राफ खाली आला का नाई? तुमीच सांगतलं होतं, खाली आला का झालं."

हो, मीच सांगितलं होतं.

बराच वेळ ते टेबलावरचा स्क्रू फिरवत बसले. मग म्हणाले, "मॅडम, मी दहावी फेल माणूस. मले यातलं समजत नाई म्हणून तं तुमाले ठेवलं. आता तुमीच म्हणता का तुमालेबी समजून नाई राहिलं. मंग म्या कोणाकडं जाव?"

रागाने नाही बोलले. म्हणून जास्त लागलं. चौदा एप्रिलच्या जयंतीपर्यंत वेळ दिला. त्यानंतर नवीन पंखा लावायचा आणि गणित बंद.

बाहेर येताना नितेशने "काय झालं ताई" विचारलं, त्याच्यावर उगाच खेकसले.

२३ मार्च, रविवार

काही नाही. कपडे, झोप.

२५ मार्च, मंगळवार

ढोबळ पद्धत काढून टाकली. परत तोच नाच. आज मी तो थांबवायचा प्रयत्न केला नाही. नुसती पाहत बसले.

आणि पाहता पाहता दिसलं. तो वेडावाकडा नाहीच. वर, खाली, वर, खाली. दोन शिखरांमधलं अंतर पट्टी लावून मोजलं. प्रत्येक वेळी जवळपास तेवढंच. चूक असती, कप्पे वाईट असते, तर इतकी शिस्त कुठून आली असती?

इतके दिवस मी त्याला गोंधळ म्हणत होते. हा गोंधळ नाही. काहीतरी फिरून फिरून परत येतंय.

भूकच लागली नाही. डबा तसाच परत आणला.

२६ मार्च, बुधवार

मी त्या गणिताला विचारत होते, हवा शेवटी कुठे स्थिर होते? आणि ती जर स्थिर होतच नसेल तर? गणित बिचारं काय करणार? एकदा इकडचं उत्तर देतं, एकदा तिकडचं.

स्वप्निलने हेच विचारलं होतं. त्याला अजून सांगितलं नाही. सांगेन.

२८ मार्च, शुक्रवार

आता स्थिर उत्तर मागतच नाही. वेळ धरून चालवते. क्षणाचा बारीक तुकडा, त्यात हवा काय करते; मग पुढचा तुकडा. कॉम्प्युटर तापून पंख्यासारखा आवाज करतो. बाहेर एक्केचाळीस, आत त्याहून जास्त. नितेशने वर्कशॉपमधला कूलर ओढत आणून माझ्या टेबलाकडे तोंड करून ठेवला. शनिवारच्या खेकसण्याबद्दल मी त्याची माफी मागितली. "अरे ते तं मी विसरलोबी," म्हणाला.

१ एप्रिल, मंगळवार

दिसलं.

तो मधला ताठ खांब ताठ नाहीच. वरच्या पाइपात धरलेला आणि खाली मोकळा. दोरी वरून धरून गरगर फिरवली की खालचं टोक जसं झोके घेतं, तशी त्याची शेपटी हलते. हलत हलत धुळीच्या डब्यात शिरते. डब्यात खाली बसलेली धूळ तिच्या तडाख्यात सापडते आणि शेपटी तिला परत वर ओढून नेते. सरळ पाइपातून छतावर.

म्हणजे मशीन धूळ पकडतं. पकडलेली परत उधळतं.

फिल्म पुन्हा पुन्हा लावून बघितली. सुंदर आहे, हे कुणाला सांगायची सोय नाही. तिकडे दुर्गाबाई खोकते आणि मला ते सुंदर वाटतं.

४ एप्रिल, शुक्रवार

पण कॉम्प्युटरने एकदा फसवलं आहे. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भगवंतरावांपुढे जायचं नाही असं ठरवलं.

मागच्या आवारात एक जुना सायक्लोन पडून होता. नितेशने त्याच्या खालच्या डब्याची एक बाजू कापून तिथे जाड पारदर्शक शीट बसवली. मिलमधून तुरीच्या भुशीची पावडर मागवली. पंखा सुरू केला. नुसत्या डोळ्यांनी फक्त धुकं दिसलं. माझं तोंड उतरलं असणार. मग नितेशने मोबाइल शीटला लावून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला. तिघांनी — भगवंतराव कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही — स्क्रीनवर डोकी एकत्र केली.

पिवळी दोरी. वाकडी, झुलणारी. खालच्या ढिगाला टेकली की भुर्रकन धूळ वर.

भगवंतरावांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. "हे असं आतमंधी चालू रायते?" इतकंच म्हणाले. खूप हळू.

७ एप्रिल, सोमवार

शेपटी बांधायची कशी?

मधला पाइप लांब केला, म्हणजे खांबाला जास्त धरून ठेवेल. गणितात चालवलं. आणखी बिघडलं.

डबा खोल केला. शेपटीही लांबली. हट्टी कुठली.

९ एप्रिल, बुधवार

डब्याच्या तोंडाशी फुलीसारखी उभी-आडवी पट्टी लावली. हलणं थांबलं, पण धूळच पट्टीवर अडकते. नितेश म्हणाला, दोन दिवसांत बूच बसेल.

मायाला सगळं सांगितलं, व्हिडिओ पाठवला. ताबडतोब फोन आला. "माधवी, हे तू खरंच बघितलंस? मी पाच वर्षं सायक्लोन रन करतेय, एकदाही मशीनजवळ गेले नाही." मग आम्ही तासभर बोललो, कॉलेजात बोलायचो तसं. शेपटीखाली काहीतरी टोकदार ठेवून बघावं, असं माझ्यासारखंच तिच्याही डोक्यात होतं.

११ एप्रिल, शुक्रवार

नरसाळ्याच्या तळाशी, डब्यात शिरण्याच्या जागी, मधोमध पत्र्याची छोटी टोपी. टोक वर. भोवतीने धूळ खाली घसरायला मोकळी फट. शेपटीला टेकायला जागा मिळाली तर ती भटकणार नाही, असा विचार.

वेळ धरून चालवलं. शेपटी टोपीच्या टोकावर येऊन बसली. थोडी थरथरते, पण सुटत नाही.

मग उगाच, नुसत्या कुतूहलाने, जुनंच स्थिर गणित लावलं. तीच बारीक पद्धत, काही पुसायचं नाही. ग्राफ खाली आला. नेहमीच्या उंचीला पोचला आणि तिथे न थांबता खाली गेला. अजून खाली. जातच राहिला.

महिनाभर मी गणित शांत करायला बघत होते. हवा शांत झाली आणि गणित आपोआप झालं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी स्वप्निलच्या शाळेतला कार्यक्रम, संध्याकाळी मिरवणूक. नवी निळी साडी. पाय दुखेपर्यंत नाचले. त्याला सांगितलं की तू त्या दिवशी बरोबर विचारलं होतंस. तो डीजेच्या आवाजात "काय?" म्हणाला. परत सांगितलं. लाजला.

१५ एप्रिल, मंगळवार

भगवंतरावांना दाखवलं. टोपीचं चित्र उलटसुलट बघितलं. "एवढुशी टोपी? लोक हासतीन ना मॅडम."

"आवारातल्या मशीनला लावून बघू."

लावली. शीटमधून बघितलं. पिवळी दोरी टोकावर उभी, खाली ढीग गुपचूप. ते उकिडवे बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून उठले. "नितेश, नत्थुजीच्या मापाची आजच काप."

२३ एप्रिल, बुधवार

बसवली — आणि धूळ आधीपेक्षा जास्त!

नत्थुजी माझ्याकडे बघतही नव्हते. भगवंतराव पंख्याकडे बघत होते, म्हणजे नवा पंखा डोक्यात परत आला. मला तर वाटलं, तिथेच छतावर बसून राहावं. फक्त मनात एकच चालू: गणितात नाही आणि इथे आहे, असं काय आहे?

डबा. गणितात डबा बंद आहे. खाली उतरून बघितलं. टोपी बसवताना खालचा जोड नीट आवळला गेला नव्हता, बारीक फटीतून बाहेरची हवा आत घुसत होती आणि धूळ उचलत होती. नितेशने रबराची नवी पट्टी टाकून बोल्ट आवळले. परत सुरू.

छतावर गेले. पाइपाच्या तोंडाशी हात धरला. धरूनच ठेवला. नत्थुजींनी शेवटी माझा हात ओढून बघितला. मग स्वतःचा धरला.

"आता नोटीसवाल्यायले बोलावतो मी," म्हणाले.

३० एप्रिल, बुधवार

तपासणी झाली. मिल चालू राहणार.

दुर्गाबाईला भेटून आले. खोकला आहेच, पण थोडा कमी वाटतो असं म्हणाली. एवढ्या वर्षांचा, लगेच कसा जाईल. "पण भाकर उघडी ठेवून खाल्ली काल," म्हणाली. "दातात कचकच नाई."

मला निरोप द्यायला दारापर्यंत आली. तिच्या भुवया काळ्या आहेत, हे आज कळलं.

३ मे, शनिवार

पुण्याहून मायाचा फोन. तिच्या कंपनीत जागा आहे, व्हिडिओ पाहून तिच्या साहेबांनी मला बोलावलं आहे. स्वप्निल म्हणाला, बदलीचा अर्ज करता येतो. दिवसभर तरंगत होते. सोमवारी भगवंतरावांना सांगायचं.

५ मे, सोमवार

सांगायला गेले, तर तेच टेबलाजवळ आले. बसले नाहीत.

"मॅडम, नत्थुजीचं मशीन काई खास नव्हतं. तेच ड्रॉइंग मी अकरा वर्ष विकून राहिलो. धामणगाव, अचलपूर, दर्यापूर, इकडं मूर्तिजापूर. चाळीसच्या वर असतीन." थोडं थांबून म्हणाले, "समद्याइच्या खाली बाया काम करतेत. एकाबी मिलवाल्यानं तक्रार केली नाई. मले वाटे, आपलं मशीन चांगलं हाय."

टेबलावरचा स्क्रू त्यांनी बोटांत फिरवला.

"उद्या धामणगावपासून सुरुवात करतो. बोलावलं नाई तरी जाव लागन. प्रत्येक मशीनचं माप वेगळं, मले ते गणित येत नाई. तुमी येता?"

पुण्याचं तोंडाशी आलं होतं.

"येते," म्हटलं.